किती घ्याल?

फोन उचलला की पहिला प्रश्न हाच येतो. माणसाचं नाव नंतर कळतं, जागा त्याच्यानंतर, आणि झाड कुठलं हे तर मी विचारल्याशिवाय कळतच नाही. "फिरती करवत तुमचीच ना? चार-पाच ओंडके पडलेत. किती घ्याल?"

पहिल्या वर्षी मी लगेच आकडा सांगायचो. सांगितला नाही तर माणूस दुसरीकडे जाईल ही धास्ती, आणि मोठा वाटला तरी जाईल ही दुसरी धास्ती. मग मनात जो आकडा यायचा तो थोडा खाली आणून सांगायचो. समोरून "बरं, या मग" असं चटकन आलं की समजायचं, आपण कमी सांगितलं. एवढं समजायला फार हुशारी लागत नाही. समजूनही पुढच्या वेळी पुन्हा तेच करायला मात्र एक खास भिडस्तपणा लागतो, आणि तो माझ्यात भरपूर आहे.

माझं यंत्र म्हणजे ट्रेलरवर बसवलेली आडवी पट्टा-करवत. ओंडका खाली लोखंडी चौकटीवर झोपतो, चिमट्यांत घट्ट धरला जातो. इंजिन, दोन चाकं आणि त्या चाकांवरून फिरणारं सव्वा इंच रुंदीचं ब्लेड असं सगळं धूड रुळांवरून त्याच्या अंगावरून सरकत जातं. दर फेरीला एक फळी सुटते. लाकूड वखारीत न्यायचं नाही, करवतच लाकडापाशी न्यायची, एवढीच कल्पना. १९८२ साली अमेरिकेत सुरू झालेल्या वूड-मायझरसारख्या कंपन्यांनी असलं यंत्र एकट्यादुकट्याच्या आवाक्यात आणलं. यंत्राबरोबर जाड माहितीपुस्तक येतं. ब्लेड किती ताणायचं, तेल कधी बदलायचं, बोट कुठे घालायचं नाही, सगळं त्यात असतं. पैसे किती मागायचे, याचं पान नसतं.

आपल्याकडे घडणावळ, शिवणावळ असे जुने शब्द आहेत. सोनं तुमचं, कापड तुमचं, माझी फक्त मेहनत. तिचे पैसे म्हणजे घडणावळ आणि शिवणावळ. त्याच चालीवर मी माझ्या पैशांना चिरणावळ म्हणतो. हा शब्द तोंडात बसला तेव्हा माझा निम्मा गोंधळ संपला. तोवर मी लाकूड विकल्यासारखा दर सांगत होतो आणि गिऱ्हाईक लाकूड विकत घेतल्यासारखी घासाघीस करत होतं. "तयार फळी याच्यापेक्षा थोडीच महाग मिळते की!" मिळते ना. पण ती फळी वाळलेली, रंधा मारलेली, डाग काढून निवडलेली असते, आणि ज्या ओंडक्यातून ती निघाली त्यातला निम्मा भाग कोणाच्या तरी हिशेबात आधीच नुकसान म्हणून गेलेला असतो. इथे तो निम्मा भाग तुमच्याच अंगणात, तुमच्या डोळ्यांसमोर भुसा आणि साली होऊन पडतो. त्यामुळे तो जास्त बोचतो.

उरलेला निम्मा गोंधळ मात्र बरीच वर्षं पुरला.

मापाचा दर ऐकायला सगळ्यात सरळ वाटतो. इतके घनफूट, इतका भाव, गुणाकार केला की मोकळे. पण घनफूट कशाचे? ओंडक्याचे, की त्यातून निघालेल्या फळ्यांचे? ओंडका मोजायची जुनी रीत घेराची आहे. मधोमध दोरी गुंडाळायची, तिची चौघडी घालायची, त्या चौथाईचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. हॉपस नावाच्या इंग्रजाने १७३६ साली या रीतीची कोष्टकं छापली आणि अजून कित्येक ठिकाणचे लाकूडवाले या ना त्या रूपात ती वापरतात. ४ फूट घेर आणि ८ फूट लांबी असलेला ओंडका या हिशेबाने बरोबर ८ घनफूट भरतो. तोच भूमितीने मोजला तर १० घनफुटांच्या थोडा वर जातो. मधले दोन घनफूट कोणी चोरलेले नसतात. साल आणि गोलाई यांपोटी ते आधीच सोडून दिलेले असतात. दोघांना हे ठाऊक असेल तर काहीच अडचण नाही. एकालाच ठाऊक असेल तर मात्र दोरी कोणाच्या हातात आहे यावर सगळं ठरतं.

ओंडक्यातून फळी किती निघेल ते आधीच सांगणारं डॉइल नावाच्या माणसाचं कोष्टक याहून मजेशीर. १६ फुटी ओंडक्याच्या बारीक टोकाचा व्यास इंचांत घ्यायचा, त्यातून ४ वजा करायचे, उरलेल्याचा वर्ग म्हणजे बोर्ड फूट. (एक बोर्ड फूट म्हणजे फूटभर लांब, फूटभर रुंद, इंचभर जाड, असे १२ झाले की एक घनफूट.) व्यास १६ इंच असला तर उत्तर १४४. व्यास ८ इंच असला तर उत्तर फक्त १६. इंटरनॅशनल नावाचं दुसरं कोष्टक त्याच ८ इंची ओंडक्याला सुमारे ४० देतं, आणि माझ्या बारीक ब्लेडखाली त्यातून तेवढं लाकूड खरंच निघतं. म्हणजे डॉइलच्या मापाने चिरणावळ घेतली, तर बारीक ओंडक्याच्या दिवशी मी पैसे मिळालेल्या कामाच्या दीडपट काम फुकट करून घरी येणार. मी एकदा तसं केलंय. कोणीतरी सांगितलं, "सगळे हेच कोष्टक वापरतात." सगळे म्हणजे लाकूड विकत घेणारे सगळे, हे नंतर ध्यानात आलं.

आता मी ओंडका मोजतच नाही, निघालेली फळी मोजतो. चौकटीच्या कडेला एक गुळगुळीत फळकूट ठोकलेलं आहे, त्यावर सुताराच्या पेन्सिलीने रेघा ओढायच्या. चार उभ्या, पाचवी आडवी. गिऱ्हाइकालाही पेन्सिल देतो, त्याने त्याच्या रेघा ओढाव्यात. संध्याकाळी दोन्ही आकडे क्वचितच जुळतात, पण फरक एखाद-दुसऱ्या फळीचा असतो आणि तो हसण्यावारी जातो.

मात्र फळी मोजली तरी न्याय झाला असं नाही. समजा, ओंडक्याच्या चारी बाजू काढून ११ इंचांचा चौकोनी ठोकळा उरला. त्यातून २ इंची पाट काढायचे तर ५ निघतात आणि मधे ४ फेऱ्या पुरतात. १ इंची फळ्या काढायच्या तर १० निघतात, फेऱ्या ९. अर्ध्या इंचाच्या काढल्या तर १९ निघतात आणि फेऱ्या १८. तिन्ही वेळा लाकडाचं माप जवळजवळ तेच. माझं डिझेल, माझं ब्लेड आणि माझी कंबर मात्र सव्वादोनपट ते साडेचारपट. एका गृहस्थांना छताखाली लावायला अर्धा इंची फळ्या हव्या होत्या आणि दर आम्ही घनफुटावर ठरवला होता. दुपारपर्यंत मी गप्प होतो. दुपारनंतर शिट्टी वाजवणं बंद केलं. त्यांना काही पत्ताच नव्हता, आणि चूक त्यांची नव्हतीच. तेव्हापासून इंचाच्या आतली कुठलीही फळी मी इंच धरूनच मोजतो आणि ते आधी सांगतो.

याच ठोकळ्याचा आणखी एक हिशेब मी कधी कधी गिऱ्हाइकाला जमिनीवर काटकीने काढून दाखवतो. माझं पट्ट्याचं ब्लेड कापताना साधारण २ मिलिमीटर लाकडाचा भुसा करतं. मोठी गोल करवत ६ मिलिमीटर खाते. चेनसॉला चौकट लावून चिरणारे असतात, त्यांची चीर ९ मिलिमीटरच्या आसपास. तर ११ इंचांतून माझ्याकडे इंचाच्या १० फळ्या, गोल करवतीवर ९ आणि चेनसॉवर ८. "म्हणजे दोन फळ्या तुम्ही मला जास्त देताय," एकजण म्हणाले. मी मान डोलावली. "मग त्या दोन फळ्यांचे पैसे का घेताय?" याला उत्तर अजून सुचलेलं नाही.

बारीक ओंडके हा वेगळाच छळ. ८ इंची चार ओंडके म्हणजे १६ इंची एक ओंडका, कागदावर. हा एकटा ८ फूट लांब असला आणि ओला असला तर तीनशे किलोच्या घरात जातो, पण एकदा चौकटीवर चढला की तासभर मुकाट काम देतो. ते चार जण चार वेळा चढवायचे, चार वेळा चिमट्यांत धरायचे, दर ओंडक्याला निदान तीनदा फिरवायचं, आणि बहुधा चारांतले दोन वाकडे. वाकड्याची साल काढता काढता आत काही उरतच नाही. म्हणून १० इंचांखालचा ओंडका आला की मी मापाचा दर बाजूला ठेवतो आणि तासावर येतो.

तासाचा दर म्हणजे जोखीम दुसऱ्याच्या खांद्यावर. ओंडका वाकडा, जागा चढाची, मदतीला सांगितलेले दोन भाचे आलेच नाहीत, हे सगळं मग गिऱ्हाइकाच्या घड्याळात जातं. मला सोपं. पण तासाचा दर लावला की गिऱ्हाइकाची नजर बदलते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एक काका होते, अगदी सज्जन. सकाळी चहा-पाणी विचारलं, सावलीत गाडी लावू दिली. ब्लेड बोथट झालं म्हणून मी इंजिन बंद केलं, झाकण उघडलं, नवं ब्लेड चढवायला घेतलं. मागे वळून पाहिलं तर काका मनगटाकडे बघत होते. बोलले काहीच नाहीत. मी घाईघाईने ताण दिला, झाकण लावलं, सुरू केलं. ताण कमी पडला होता. पहिल्याच गाठीपाशी ब्लेडने खाली बुडी मारली, आणि फळी मधे जाड, कडेला पातळ, लाटेसारखी निघाली. ती फळी त्यांनी उचलून उन्हात धरली, एक डोळा मिटून कडेने पाहिली आणि काही न बोलता बाजूला उभी केली. तिचे पैसे मी घेतले नाहीत. त्यांनी ते दिले असते, हे जास्त लागलं.

आता ब्लेड बदलायचा वेळ मी तासांत धरत नाही, पण तासाचा दर त्या हिशेबाने वर ठेवलाय. फरक नुसता मांडणीचा आहे. माणूस मात्र मनगटाकडे बघत नाही.

हा तासाचा दर काढायला मला दोन हंगाम लागले. सुरुवातीला मी डिझेल, ब्लेड आणि स्वतःची मजुरी एवढंच धरत होतो आणि आठ तासांच्या दिवसाला आठने भागत होतो. मग वही ठेवली. इंजिनावर तासांचं मीटर असतं, ते सकाळी आणि संध्याकाळी लिहायचं. मी ओंडका बदलताना इंजिन बंद करतो, त्यामुळे मीटर फक्त कापण्याचा वेळ दाखवतं. आठ तासांच्या दिवशी ते सरासरी साडेतीन तास सरकलेलं दिसलं. उरलेले साडेचार तास मी काय करत होतो? ओंडके ढकलत होतो, साली उचलत होतो, यंत्र पाणसळीत बसवत होतो, आणि "आमच्या वेळी लाकूड हाताने चिरायचे" ही गोष्ट ऐकत होतो. शिवाय वहीत न येणारे तास वेगळेच: प्रवास, धार लावणं, फोनवरच्या गप्पा, पावसाने फुकट गेलेला दिवस. वर्षाचा सगळा खर्च, त्यात यंत्राची झीज, ट्रेलरचे टायर, विमा, सगळं एका बाजूला मांडून त्याला मीटरच्या तासांनी भागलं, तेव्हा जो आकडा आला तो मी घेत असलेल्या दराच्या जवळपास दुप्पट होता. म्हणजे दोन वर्षं मी लोकांच्या लाकडाला स्वतःच्या खिशातून वर्गणी देत होतो.

दर वाढवला तेव्हा दोन जण तुटले. तेवढेच.

ब्लेडबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण भांडणं तिथेच होतात. स्वच्छ लाकडात दीड-दोन तास चाललं की ब्लेड उतरवून धारेला टाकावं. धार अनेकदा लावता येते; मग एक दिवस पट्टा चाकांवर वाकून वाकून थकतो आणि तुटतो. हा झाला नैसर्गिक मृत्यू, तो माझ्या खर्चात. अपमृत्यू दोन प्रकारचे. एक चिखलाचा. जमिनीवरून ओढत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत माती आणि बारीक खडे बसलेले असतात, आणि ते धारेला लाकडापेक्षा कितीतरी वाईट. (काही झाडं तर आतूनच अशी असतात. सागवान हाताला मऊसूत लागतो, पण त्याच्या पोटात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच भाऊबंद. धार बघता बघता जाते.) दुसरा अपमृत्यू लोखंडाचा.

माझ्या गाडीत बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात गेल्या काही वर्षांत लाकडातून निघालेला ऐवज आहे. खिळे तर मुठीने. काटेरी तारेचा वीतभर तुकडा, कपड्यांच्या दोरीचा हूक, दाराची बिजागरी, पाटीचे चार स्क्रू, चिनी मातीचा एक पांढरा चिमणा, म्हणजे तार अडकवायचा गट्टू, ज्यावरून कधी काळी विजेची तार गेली असेल. झाड हे सगळं गिळतं. खिळा ठोकला की झाड त्याला बाहेर ढकलत नाही. दर वर्षी त्याच्यावर एक वेढा चढवतं, आणि वीस वर्षांनी खिळा चार बोटं आत, बाहेरून सालीवर काही खूण नाही. एक खूण कधी कधी मिळते. लाकडात टॅनिन असलं तर लोखंडाशी त्याचं जमतं आणि निळसर काळी शाई तयार होते. ओंडक्याच्या तोंडावर, कापलेल्या गोलावर, शाईचा असा ओघळ दिसला की आत लोखंड आहे हे नक्की. कुठे आहे, ते मात्र तो सांगत नाही. हातातलं धातुशोधक यंत्र मी फिरवतो. तेही काही इंचांपर्यंतच ऐकतं.

आणि खिळा लागला की कळतंच. कापण्याचा आवाज एका पट्टीत चाललेला असतो, मधेच तो एक सूर वर चढतो, एक ठिणगी, आणि मग आवाज सैल पडतो. ब्लेड तुटत नाही बहुतेकदा. पण खिळ्याच्या जागी सगळ्या दातांची एक बाजू झिजते, आणि त्यापुढे ते तिरकंच धावतं. सगळा प्रकार दोन सेकंदांचा. त्यानंतरची शांतता मोठी अवघडलेली असते, कारण आता बोलायचं कोणी आणि काय?

पहिली काही वर्षं मी "असू दे, असू दे" म्हणायचो. घराशेजारच्या झाडात एकदा एका दिवसात तीन ब्लेडं गेली आणि माझी चिरणावळ तिथेच संपली. आता यंत्र उतरवण्याआधी मी डबा उघडून दाखवतो. भाषण काही नाही. लोक एक एक वस्तू हातात घेतात, मुलं चिमणा मागतात. मग सांगतो, पहिलं ब्लेड माझं, त्यानंतर लोखंड लागलं तर ब्लेड तुमचं. आजवर यावर कोणी वाद घातला नाही. एका ताईंनी तर लगेच झाडाकडे बोट दाखवलं. "त्या बाजूला झोपाळ्याची कडी होती, मी सहावीत असताना." आम्ही त्या बाजूचा दोन फुटी तुकडाच आधी कापून टाकला. कडी सापडली नाही. एक मोठा खिळा सापडला, भलत्याच बाजूला, आणि ते ब्लेड माझं होतं.

वाट्याने चिरून देण्याचाही एक प्रकार आहे, अर्धेलीनं. पैसे नाहीत, निम्म्या फळ्या माझ्या. गिऱ्हाइकाच्या खिशाला झळ नाही, म्हणून लोकांना आवडतो. मला आता आवडत नाही. ओली फळी म्हणजे पैसे नव्हेत. ती मधे पट्ट्या घालून, हवा खेळेल अशी रचून, वर झाकण घालून ठेवायची, आणि उघड्यावर वाळायला इंचाला वर्ष हा ढोबळ हिशेब. माझ्याकडे जागा नाही आणि वर्षही नाही. केलंच तर वाटणीची एक जुनी युक्ती वापरतो: दोन ढीग मी लावायचे, उचलायचा कुठला ते त्याने ठरवायचं. ढीग किती काळजीपूर्वक लावले जातात ते बघण्यासारखं असतं.

आता फोनवर मी आकडा सांगत नाही, उलट विचारतो. बारीक टोकाचा व्यास किती? लांबी किती? अंगणातलं झाड की रानातलं? गाडी ओंडक्यापर्यंत येईल? जमीन सपाट आहे? उचलायला कोण आहे? लोक कंटाळतात. पण यातला शेवटचा प्रश्न विचारला की बहुतेकांचा आवाज बदलतो: कशासाठी हवंय? "तसं काही ठरलं नाही, पण चांगलं लाकूड आहे, वाया कशाला घालवायचं?" हे उत्तर आलं की मी सावध होतो. काय करायचं हे ठरलं नसेल तर किती जाड कापायचं हे कसं ठरणार? "इंचाची" म्हणून घेतलेली फळी वाळल्यावर इंचाची राहत नाही. वाळून पुरता इंच उरायला हवा असेल तर मी इंचाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) वर ठेवून कापतो, आणि हे सूत का, हे आधी सांगून ठेवतो. शिवाय लाकूड सगळीकडून सारखं आटत नाही. वर्षांच्या वेढ्यांच्या दिशेने ते जवळजवळ दुप्पट आटतं, गाभ्याकडून सालीकडे त्या मानाने कमी; म्हणून फळी पन्हळीसारखी वाकते. सहा महिन्यांनी फोन येतो: "तुम्ही वाकडी कापली." ती मी सरळच कापली होती. पण हे सहा महिन्यांनी सांगितलं की सबब वाटते आणि आधी सांगितलं की माहिती. त्यामुळे माझ्या दरात आता पंधरा मिनिटं बडबडीची धरलेली असतात.

सगळ्यात अवघड काम म्हणजे कापू नका असं सांगणं. अंगणात पडलेलं झाड असलं की ते हमखास आजोबांनी लावलेलं असतं. मी कधी "काकांच्या मित्राने सहज टाकलेल्या बीचं" झाड चिरलेलं नाही. एका घरी असाच जाडजूड बुंधा होता, बघून कोणीही हरखून जावं. मी कुऱ्हाडीच्या तुंब्याने टोकापासून टोकापर्यंत ठोकत गेलो. मधे आवाज बदलला, ढोलीसारखा झाला. टोकाला हात घातला तर भुगा हाताला आला. दुसरा ओंडका धड होता, पण तो कललेल्या खोडाचा. त्यातला गाभा एका कडेला सरकलेला दिसत होता. अशा लाकडात ताण भरलेला असतो. ब्लेड पुढे जाताच फळी धनुष्यासारखी उठते, आणि कितीही वजन ठेवा, तशीच वाळते. मी म्हटलं, जळणाला वापरा. बुंध्याचं एक जाड वर्तुळ कापून घ्या, भिंतीला लावा हवं तर. तेही तडकेल, पण तडकलेलं चांगलं दिसतं. घरातल्या आजी माझ्याकडे बघत राहिल्या. मुलगा म्हणाला, "अहो, तुमचं यंत्र आणलंत एवढं लांबून." म्हणजे त्याला माझ्या नुकसानीचं वाईट वाटत होतं. त्या दिवशी मी डिझेलचेही पैसे मागितले नाहीत, आणि घरी येताना स्वतःवरच चिडलो. ठोकून, हात घालून, वीस वर्षांच्या फजित्यांतून आलेली अक्कल मी तिथे दिली होती आणि तिला दर नव्हता. करवत फिरली असती आणि वाकड्या फळ्यांचा ढीग पडला असता तर पैसे आनंदाने मिळाले असते.

त्यानंतर किमान आकार सुरू केला. यंत्र दारात आलं की अर्ध्या दिवसाचे पैसे. ओंडका एक असो वा अर्धा, कापला असो वा नसो. हे फोनवर सांगताना अजून घसा थोडा खरवडतो. ओळखीच्या माणसाला सांगताना जास्त. ओळखीचा म्हणतो, "आपल्यात काय हिशेब?" आणि हे वाक्य नेहमी ज्याला पैसे द्यायचे असतात तोच म्हणतो. त्यांच्यासाठी मी एक पळवाट काढली आहे. दर तोच, पण मदतीला तुम्ही स्वतः यायचं, भाच्यांना पाठवायचं नाही. तीनशे किलोचा ओंडका माझ्याबरोबर एकदा चौकटीवर चढवला की पुढची बोलणी फार सोपी होतात.

मागच्या महिन्यात एका बाईंचं काम केलं. गेलो तेव्हा ओंडके जमिनीपासून वीतभर वर, दोन आडव्या लाकडांवर ठेवलेले, जाड टोकं एका बाजूला, प्रत्येकाच्या तोंडावर खडूने लांबी, व्यास आणि "काय हवं" लिहिलेलं. तीन ओंडक्यांवर फुली. "हे?" मी विचारलं. "ते तुम्ही नको म्हणाल, म्हणून मीच बाजूला काढले." तासाचा दर होता. दुपारच्या आत काम संपलं, नेहमीच्या निम्म्या वेळात, आणि बाईंनी पैसेही निम्मेच मोजले. मी गाडी चालवत येताना हिशेब करत होतो की यात मी हरलो की जिंकलो. मीटर तीन तास सरकलं होतं आणि घड्याळ चार. असा दिवस वहीत दुसरा नाही.

परवा पुन्हा एक फोन आला. सात ओंडके, नाल्याच्या काठाला, चिखलात रुतलेले. मी चिखलाचं आणि ब्लेडचं सांगितलं, डब्याचं सांगितलं, किमान आकाराचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "धुऊन ठेवतो." मी म्हटलं, सालीतली माती नुसत्या पाण्याने जात नाही, ब्रशने घासावी लागेल. "घासतो." सात ओंडके? "घासतो म्हटलं ना. मग किती घ्याल?"

पुढच्या आठवड्यात जायचंय. दोन ब्लेडं जास्त घेऊन चाललोय.